अभ्यास पाठ : ‘डोक्यात राहत नाही’ म्हणण्याआधी



कात्रजचा घाट ओलांडून भोर-वेल्ह्याकडच्या कातकरी वाड्यांवर सुट्टीच्या दिवशी शिकवायला जाणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य नेहमी ऐकू येते : “मुलं गोड आहेत हो, पण डोक्यात काही राहत नाही.” मीही पहिल्या वर्षी हेच म्हणत होतो. ‘अ’ अननसाचा शिकवून पंधरा दिवस झाले होते. नऊ वर्षांच्या एका मुलाला ‘अ’ दाखवला, तर त्याने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी ओढ्याकाठी तोच मुलगा मला सांगत होता, कोणत्या बिळात खेकडा असतो आणि कोणत्या बिळात हात घालायचा नाही. ज्याच्या डोक्यात एवढे राहते, त्याच्या डोक्यात ‘अ’ का राहू नये? मानसशास्त्राच्या काही प्राथमिक कल्पनांच्या आधारे या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करू.

१. शिकणे म्हणजे जोडणे

मूल म्हणजे रिकामी घागर आणि शिक्षक म्हणजे पाणी ओतणारा, अशी आपली समजूत असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896–1980) यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण करून वेगळे चित्र मांडले. अनुभवातून मुलाच्या मनात काही साचे तयार होतात. नवी गोष्ट आली की मूल ती आधी जुन्या साच्यात बसवून पाहते. ती बसली नाही, तर हळूहळू साचा बदलते. त्या मुलाने अननस कधी पाहिला नव्हता, चाखला नव्हता. नवे अक्षर अडकवायला त्याच्या मनात खुंटीच नव्हती.

हे केवळ वाडीवरच्या मुलांचेच होते असे नाही. इंग्लंडमधील केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी तिथल्या सुशिक्षित लोकांना उत्तर अमेरिकेतील एका आदिवासी जमातीची भुतांच्या लढाईची कथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. लिहिणाऱ्यांनी अनोळखी भाग गाळले, काही भाग आपल्या ओळखीचे करून घेतले. मूळ कथेतली कॅनो साधी ‘बोट’ झाली, सीलची शिकार ‘मासेमारी’ झाली. बार्टलेट यांनी हे 1932 साली पुस्तकरूपाने मांडले. म्हणजे आदिवासींची गोष्ट केंब्रिजच्या डोक्यातही नीट राहिली नाही. त्यांना कोणी मंद म्हटले नाही.

२. विचार करता येतो, पण कुठे?

1985 साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेले हिशेब या मुलांनी सुमारे 98 टक्के वेळा बरोबर केले. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवर आले. बुद्धी तीच, मूल तेच. फक्त गणिताचा त्याच्या जगण्याशी असलेला धागा तुटला होता. आपल्या वाडीवरची मुलगी दुकानातून तेल-मीठ आणते, सुटे पैसे मोजून घेते. वहीतल्या वजाबाकीची सुरुवात तिथून करता येते.

३. स्मरण आणि विस्मरण

मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरता येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला. स्वयंपाकघरातल्या लहान ओट्यासारखे हे आहे. ओटा भांड्यांनी भरला असेल, तर पोळी लाटायला जागा उरत नाही. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाचा ओटा पुस्तकी मराठी समजून घेण्यातच भरतो. मग धडा ठेवायचा कुठे?

आता विसरण्याविषयी. जर्मनीतील हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. ते निरर्थक अक्षरगट पाठ करत आणि किती विसरलो हे ठरावीक काळाने तपासत. 1885 साली त्यांनी दाखवले की विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वात वेगाने होते, नंतर तो वेग मंदावतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे : विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये मूल वर्गात येते तेव्हा अक्षरे पुसट झालेली असतात. आपण म्हणतो, “पुन्हा शून्यापासून सुरुवात.” पण ते शून्य नसते. जुन्या शिकण्याचा माग मनात उरलेला असतो. हे माहीत असलेला शिक्षक धीराने उजळणी घेतो. माहीत नसलेला रागावतो, आणि मूल वर्गात यायचे बंद होते.

उजळणीचीही एक रीत आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगितलेले अधिक काळ टिकते. अक्षरओळख नसताना लग्नविधीतली लांबलचक गाणी मुखोद्गत असणाऱ्या वारली धवलेरी हेच करत आल्या आहेत : ऐकायचे, गायचे, काही दिवसांनी पुन्हा गायचे.

४. कोसबाडच्या टेकडीवर

हे सर्व महाराष्ट्रात फार पूर्वी प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मोरगावी जन्मलेल्या आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले.

पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती. “यांना शिक्षणाची आवड नाही” असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात नेली. ती कुरणशाळा. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे मोजायला आणि लावायला घेतले. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला त्यांनी विकासवाडी म्हटले.

खुंटी, धागा, ओटा : वर पाहिलेल्या तिन्ही गोष्टी इथे आहेत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

५. आपल्या सेवेसाठी

वह्या, दप्तरे आपण प्रेमाने देतो. ती द्यावीतच. पण मुलांची बोली जाणणारी वाडीवरचीच एखादी ताई वर्गात मदतनीस असेल, तर तिच्या मानधनाला दिलेली देणगी वह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक काम करते. शिकवायला जाणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करावी. एका वेळी थोडेच शिकवावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच आठवून सांगायला लावावे. विसरलेल्या मुलाला लाजवू नये.

त्या मुलासोबत मी पुढे ‘ख’ खेकड्याचा घेतला. ओल्या मातीत काडीने त्याने तो काढला, शेजारी नांग्यांसह खेकडाही काढला. पुढच्या खेपेला मी विचारण्याआधीच त्याने ‘ख’ गिरवून ठेवला होता. ‘अ’ आम्हाला नंतर, अळूच्या पानावरून मिळाला.

चर्चेसाठी प्रश्न

१. लहानपणी पाठ केलेले काय तुम्हाला आजही आठवते? ते का टिकले असावे?
२. आपल्या वर्गातील एका ‘मंद’ समजल्या जाणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काय उत्तम येते? पुढच्या भेटीत ते पाहून या.
३. स्थलांतरावरून परतलेल्या मुलांसाठी जूनचे पहिले दोन आठवडे आपण कसे आखू?