चाकांवरची खोली आणि उलाळ गाडी

बैलगाडीत भाताची पोती भरणाऱ्या माणसाकडे कधी नीट लक्ष दिले आहे का? पहिली दोन पोती तो आसाच्या बरोबर वर टाकतो, मग एक पुढे, एक मागे. मधूनच खाली उतरतो, जू हाताने उचलून पाहतो आणि एखादे पोते वीतभर पुढे सरकवतो. मागचा भार वाढला, की दांड्या वर उचलल्या जातात, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि मानेखालचा पट्टा गळ्याला काचतो. अशा गाडीला आपल्याकडे ‘उलाळ’ गाडी म्हणतात. उलट पुढे फार भार पडला, तर बैलांचे खांदे सुजतात. गाडीवानाने पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसते, पण गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे हवा हे त्याच्या हाताला कळलेले असते.

हा ‘उलाळ’ शब्द जपून ठेवा. मोटारीमागे ओढायची छोटी खोली स्वस्तात कशी बांधावी, हा आजचा विषय आहे आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ह्या एका शब्दात सामावलेली आहे.

चाकांवर संसार ही कल्पना आपल्याला नवी नाही. राजस्थानच्या गाडिया लोहारांची गाडी हेच त्यांचे घर असे. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे भांडीकुंडी, धान्य आणि लेकरे बैलगाडीत घालून साखर कारखान्यांची वाट धरत आली आहेत. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मोटारीमागे ओढायची एक ठेंगणी खोली लोकप्रिय झाली. तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. आत फक्त दोन माणसांची झोपायची जागा आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. हौशी लोक अशा खोल्या घरच्या घरी बांधत. मागचा तो ओटाही लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी आपली गाठ पडणार आहे.

आता ही खोली रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीला बांधायची आहे असे समजू. काळ नदीच्या काठचे हे गाव. शेजारी महाडची औद्योगिक वसाहत, म्हणून लोखंड आणि वेल्डिंग ह्यांचे येथे नवल नाही. पण पाऊस असा, की पावसाळ्याच्या चार महिन्यांतच तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पूर्वेला वरंध घाट आणि पोलादपूरहून वर महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट. पाऊस आणि उतार ह्या दोहोंना पुरून उरेल अशी खोली हवी आणि खर्चही बेताचा हवा.

स्वस्ताईची पहिली युक्ती मापात आहे. प्लायवूडचा अख्खा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे सुमारे २.४ मीटर गुणिले १.२ मीटर मिळतो. खोलीही तेवढीच करा: लांबी २.४ मीटर, रुंदी १.२ मीटर, उंची १.२ मीटर. जमिनीला १२ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता, दोन बाजू व छप्पर ह्यांना ६ मिलिमीटरचे तीन तक्ते आणि चौथा मधोमध कापला की पुढची व मागची भिंत. फक्त दारे-खिडक्यांच्या चौकोनांचे तुकडे उरतील. थेंबाचा गोल आकार दिसायला देखणा, पण त्यात लाकूड फुकट जाते आणि सुताराची मजुरी वाढते. पहिल्या खोलीला पेटीचाच आकार बरा.

सांगाड्याला ४० मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड लोखंडी अँगल घ्या. दोन लांब बाजू व पाच आडवे मिळून १०.८ मीटर होतात. पुढचा ओढदांडा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा, १.८ मीटरच्या दोन बाहूंचा. प्रत्येक बाहूत दोन अँगल तोंडाला तोंड लावून जोडायचे, म्हणजे चौकोनी नळी तयार होते. त्याचे ७.२ मीटर धरले की एकूण बरोबर १८ मीटर, म्हणजे ६ मीटरच्या तीन पट्ट्या. ह्या अँगलचे वजन मीटरला ३ किलो असते. लोखंड किलोवर विकले जाते, म्हणून वजनाचा तक्ता मांडला की खर्चाचा अंदाज निम्मा झालाच. भाव दर महिन्याला बदलतात. ते दुकानात विचारा आणि गुणाकार तुम्हीच करा.

वजने अशी: सांगाडा ५४ किलो, प्लायवूड ६६, आतल्या लाकडी पट्ट्या २५, आस-पाटे-चाके ६५, छपरावरचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, बिजागऱ्या, रंग वगैरे २०, गादी व कपडे २५, हत्यारे १५. बेरीज २७० किलो.

काटकसर कोठे करायची हेही येथेच ठरते. खिडक्या, बिजागऱ्या, गादी, कप्पे जुने चालतील. आस आणि चाकेही भंगारातल्या छोट्या मोटारीची चालतील, पण बेअरिंग नवे हवेत आणि टायर जुनाट नकोत. कडी, ओढदांडा आणि त्यांचे सांधे ह्यांत एक पैसाही वाचवू नये. वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. प्लायवूड उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाचे घ्या. साध्या तक्त्याचे थर कोकणच्या एका पावसाळ्यात वहीच्या पानांसारखे सुटे होतात. पाणी तक्त्याच्या पाठीतून कमी आणि कापलेल्या कडेतून जास्त शिरते. म्हणून प्रत्येक कड रंगाचे दोन हात देऊन बंद करायची.

आता मुख्य प्रश्न. आस कोठे बसवायचा? सहज सुचणारे उत्तर म्हणजे ‘मधोमध’. ते चूक आहे.

मोटारीची कडी पेटीच्या पुढे १.२ मीटरवर आहे. आस पेटीच्या पुढच्या कडेपासून १.५ मीटरवर बसवला, तर कडी ते आस हे अंतर २.७ मीटर झाले. समजा, सामान अशा रीतीने मांडले, की गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून सुमारे १.२३ मीटरवर, म्हणजे आसाच्या ०.२७ मीटर पुढे येतो. आस हा टेकू समजा. भार आणि टेकूपासूनचे अंतर ह्यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण, हे तुम्ही तरफेच्या पाठात शिकलाच आहात. २७० गुणिले ०.२७ भागिले २.७, उत्तर २७. कडीवर २७ किलोंचा दाब पडतो, म्हणजे एकूण वजनाच्या एक दशांश. गंमत पाहा, गुरुत्वमध्य आसाच्या जितक्या पुढे आहे ते अंतरही कडी-आस अंतराचा एक दशांशच आहे. हेच प्रमाण साधायचे.

आता तो मागचा ओटा. कोणीतरी हौसेने मागे वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन डबे ठेवले आणि घरगुती गॅसची भरलेली टाकी ठेवली. गॅस १४.२ किलो, पण टाकीसकट वजन सुमारे ३० किलो. एकूण ७० किलो भार आसाच्या ०.८ मीटर मागे आला. ७० गुणिले ०.८ भागिले २.७, म्हणजे कडीवरचा दाब जवळजवळ २१ किलोंनी घटला. उरले ६. वर मागच्या भिंतीला १८ किलोंची सायकल टांगली, आसापासून १ मीटरवर. आणखी सुमारे ७ किलो गेले. आता कडी वर उचलली जाऊ पाहते. गाडी उलाळ झाली, आणि कोणाला पत्ताही नाही! कारण बैल मान हलवून तक्रार करतो, मोटार करत नाही.

अशी खोली रस्त्यावर काय करते? बाणाला पिसे मागे का लावतात ते आठवा. वाटेत बाण तिरका झाला, की हवा पिसांना आडवी ढकलते. बाणाचा गुरुत्वमध्य पिसांच्या पुढे असल्यामुळे तो पुन्हा सरळ होतो. आपल्या खोलीची चाके म्हणजे तिची पिसे. आडवा जोर फक्त त्यांच्यातूनच रस्त्याशी जोडलेला असतो. गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे असला, की वाऱ्याच्या झोताने किंवा खड्ड्याने बसलेला हेलकावा विरत जातो. तो मागे गेला, तर ठरावीक वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. कुत्र्याने शेपूट हलवावी तसे न होता शेपटीनेच कुत्र्याला हलवावे तसे होते. खोली मोटारीची मागची बाजू डावी-उजवीकडे फेकू लागते आणि दोन्ही उलटू शकतात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घरी प्रयोग करा. चार चाकांची खेळण्यातली जड गाडी घ्या. तिच्यामागे एक लांबट फळकुट, दोनच चाकांवर बसवलेले, खिळा आणि तारेची कडी ह्यांनी जोडा. कडी सैल फिरली पाहिजे. दोन मीटर लांब फळी तिरपी ठेवून जोडी उतारावर सोडा. पहिल्यांदा फळकुटावर वाळूची पुरचुंडी चाकांच्या पुढे बांधा, नंतर मागे. दर वेळी निघताना फळकुटाला बोटाने बाजूला हलकी टिचकी द्या. फळीचा उतार वाढवत नेला, की पुढच्या व मागच्या पुरचुंडीतला फरक दिसू लागेल. दोन्हीसाठी कोणत्या उतारावर गाडी बिघडते ते वहीत मांडा.

खऱ्या खोलीत मोजमाप आणखी सोपे आहे. माणसांचे वजन करायचा काटा सपाट जमिनीवर ठेवा, त्यावर विटांचा थर रचून कडी नेहमीच्या उंचीवर टेकवा आणि आकडा वाचा. विटांचे वजन वजा करायला विसरू नका. सामान भरल्यावर, प्रत्येक प्रवासाआधी मोजायचे. पाण्याचे डबे रिकामे न्या, मुक्कामी भरून घ्या. नेलेच तर आसाच्या वर ठेवा.

घाटाचा हिशेबही पाहू. सामानासकट ३४० किलोंची खोली आंबेनळी घाटाने १,००० मीटर खाली उतरली, तर ३४० गुणिले ९.८ गुणिले १,०००, म्हणजे सुमारे ३३ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी मुरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत दहा लिटरांहून जास्त पाणी उकळीला येईल. एवढ्या छोट्या खोलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. वारा आणि रस्ता काही भाग खातात, बाकीचा मोटारीच्या वाट्याला येतो. म्हणून उतरताना खालचा गिअर हवा. ब्रेक सतत दाबून धरले, तर ते तापून निकामी होतात.

थांबल्यावरचा धोका वेगळाच आहे. ह्या पेटीत जेमतेम साडेतीन घनमीटर हवा मावते. थंडी आहे म्हणून आत कोळशाची शेगडी ठेवून दार लावले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. स्वयंपाक नेहमी बाहेर करायचा. हातपंजाएवढी एक जाळी छताजवळ आणि एक अगदी जमिनीलगत ठेवा, आणि दोन्ही कधीच बंद करू नका. खालची का? कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशीच साचतो. वरच्या जाळीतून श्वासातली वाफ जाते, नाहीतर सकाळी भिंती ओल्या मिळतील.

उन्हाचे म्हणाल तर महाड तालुक्याला त्याचा कटू अनुभव आहे. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली आणि त्यातून वाचलेल्या कुटुंबांना पुढे कंटेनरच्या घरांत राहावे लागले. पत्र्याची पेटी उन्हात किती तापते हे अशा घरात राहिलेल्यांना विचारावे. उपाय स्वस्त आहे: छपरावरचा पत्रा प्लायवूडला चिकटवू नका. मध्ये लाकडी पट्ट्या ठोकून दोन बोटे फट ठेवा आणि ती पुढून-मागून उघडी राहू द्या. पत्र्याखालची तापलेली हवा फटीतून वाहून जाते. वर पांढरा रंग दिला की ऊन बरेचसे परतते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे मोटारीने ओढायचा ट्रेलर हेही वाहनच आहे आणि नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून लोखंड खरेदी करण्याआधी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात आराखडा दाखवा आणि काय चालेल ते विचारा. आराखड्यावर आसाची जागा, कडीवरचा दाब, मागचे दिवे आणि सुरक्षा-साखळ्या स्पष्ट दाखवा. साखळ्या दोन असतात, कडीखाली एकमेकींना छेदून बांधतात, म्हणजे कडी निसटलीच तर ओढदांडा रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडतो.