कोमट पाण्यातला श्वास

चहाचे पातेले गॅसवर ठेवले की उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तळाशी बारीक बुडबुडे दिसतात. ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यामुळे बाहेर पडते. माशांचा श्वास याच हवेवर चालतो.

20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना साडेसात, 35 अंशांना जेमतेम 7. पाण्याबरोबर माशाचे शरीरही तापते, आणि 10 अंश वाढले की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. मिळकत घटली, खर्च वाढला. संत्रा बाजाराच्या आपल्या गावात हे जास्त समजावून सांगायला नको!

शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणी येथे तवा नदीच्या धरणाकाठी 1967 मध्ये सातपुडा औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच वीज बनते. उरलेली बरीचशी उष्णता वाफ थंड करणाऱ्या पाण्यात जाते. जुन्या संचांची रचना अशी, की जलाशयातून पाणी घ्यायचे आणि गरम झालेले पुन्हा तिथेच सोडायचे. जून 1999 नंतर सुरू होणाऱ्या, नदी-तलावाचे पाणी वापरणाऱ्या केंद्रांना शीतकरण मनोरे सक्तीचे झाले. जुन्यांना पाणी 10 अंशांपर्यंत तापविण्याची मुभा राहिली. 10 अंश म्हणजे किती, ते वर पाहिलेच.

मासा निदान पोहून दूर जातो. अंडी, गोगलगायी, तळातील अळ्या कुठे जाणार? कोमट पाण्यात शेवाळ माजते, रात्री तेही प्राणवायू वापरते, आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. मरळ, मांगूर वरची हवा घेऊन तगतात. 2011 मध्ये मध्य प्रदेशचा राज्य मासा ठरलेल्या महाशीरला मात्र वाहते, भरपूर प्राणवायूचे पाणीच लागते. हिवाळ्यात संच अचानक बंद पडला, तर उबेला सरावलेल्या माशांना उलट गारठ्याचा धक्का बसतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला आपण जी जाम नदी पाहतो, तीच उन्हाळ्यात रोडावते. उथळ पाणी उन्हाने तापते, काठची झाडे तुटली की आणखी तापते. किती, हे मोजण्यासाठी आम्ही विश्वस्त मंडळाकडे दोन थर्मामीटर मागितले आहेत. एक नोंद सावलीतल्या पाण्याची, एक उघड्यावरची. दुपारी दोन वाजता, पालकांपैकी कोणी सोबत असेल तरच.