क्लाउड संगणनाचा खर्च आणि वेळीच मिळणारा इशारा

इंदूर शहराच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील जलूद येथून विजेच्या पंपांनी उपसून आणले जाते. नळ सोडणाऱ्यास पंप दिसत नाही. विजेचे देयक मात्र चुकत नाही. हा भार हलका करण्यासाठी इंदूर महानगरपालिकेने २०२३ साली २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. क्लाउड संगणनाचेही तसेच आहे. दूरच्या केंद्रातील संगणक आपण भाड्याने वापरतो. ते दिसत नाहीत, पण आकारणी तासागणिक, कित्येकदा सेकंदागणिक चालू असते.

समजा, इंदूरमधील एका शिक्षणसंस्थेने निकालपत्रके ठेवण्यासाठी अशी सेवा घेतली असून तिचा रोजचा खर्च २०० रुपये आहे. चाचणीसाठी सुरू केलेला मोठा संगणक बंद करावयाचा राहिला, किंवा खात्याची गुप्त किल्ली परक्याच्या हाती पडली, आणि खर्च रोज ६,००० रुपयांवर गेला. महिनाअखेरीस देयक पाहणाऱ्यास हे ३० दिवसांनी कळेल. तोवर १,७४,००० रुपये व्यर्थ गेलेले असतील. कदाचित ग्रंथालयासाठी राखून ठेवलेले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, अंदाजपत्रकाची मर्यादा ठरवून ती ओलांडताच सूचना मिळविणे. दुसरा, नेहमीच्या खर्चाची रीत ओळखून तीपासून ढळणारा खर्च हेरणे. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने २०२० साली अशी सोय उपलब्ध केली. तिला वेगळे शुल्क नाही.

ही व्यवस्था पडद्यावर कळा दाबूनही करता येते. तथापि ती टेराफॉर्मसारख्या साधनाच्या साहाय्याने कोडमध्ये लिहून ठेवणे श्रेयस्कर होय. तोंडी आदेश आणि लेखी परिपत्रक यांत जो फरक, तोच येथे आहे. लिहिलेला नियम दुसऱ्यास तपासता येतो, सर्व खात्यांना सारखा लागू करता येतो, आणि कर्मचाऱ्याची बदली झाली तरी मागे राहतो.

कोडमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. पहिल्या भागात कशावर लक्ष ठेवावयाचे, म्हणजे प्रत्येक सेवेच्या खर्चावर की एखाद्या खात्याच्या, हे नमूद करावे. दुसऱ्यात किती रकमेच्या किंवा किती टक्के वाढीनंतर, कोणास आणि केव्हा कळवावयाचे ते लिहावे. दररोजचा वा आठवड्याचा गोषवारा ई-मेलने येतो. तात्काळ इशाऱ्यासाठी कंपनीची स्वतंत्र सूचना-सेवा जोडावी लागते. मर्यादा फार खाली ठेवल्यास रोज निरर्थक इशारे येतात व पुढे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खर्चाच्या नोंदी काही तास, प्रसंगी एक दिवस उशिरा पोहोचतात. शिवाय नव्या सेवेची रीत ओळखण्यास सुमारे दहा दिवसांच्या नोंदी लागतात. म्हणून आरंभी मर्यादेचा इशाराही सोबत असावा. दुसरे असे की, इशारा खर्च थांबवीत नाही. तो केवळ जागे करतो. यास्तव इशारा कोणी पाहावयाचा, त्याच्या गैरहजेरीत कोणी, आणि संगणक बंद करण्याचा अधिकार कोणास, हे सेवा घेतानाच लेखी ठरवावे. चौकीदाराने दिलेली हाक ऐकणारा घरात असेल, तरच ती हाक उपयोगाची.