पाण्याकाठचा मुक्काम

मंडळी, ज्याला घर आहे तोही वर्षातून चार रात्री उघड्यावर काढतो. कुणी पंढरीच्या वारीला जातो. कुणी ऊसतोडीला जातो. कुणी बैलबाजाराला जातो. मेंढपाळाचे तर निम्मे वर्ष रानातच जाते. बाहेर रात्र काढायची म्हटली की माणूस आधी काय पाहतो? पाणी पाहतो. जिथे पाणी, तिथे मुक्काम.

पण पाण्याकाठी राहावे कसे, हे पुष्कळांना माहीत नसते. मलाही नव्हते. ते मला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने शिकवले. त्याची गोष्ट आज सांगतो. गोष्ट माझ्या गावची आहे. तीत माझी एक चूक आहे. तीही सांगतो.

1. आपला कोरडा मुलूख

आपल्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. या जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीचे उंच कडे आहेत. पावसाचे ढग समुद्रावरून येतात. ते या कड्यांना अडतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून घाटघर, रतनवाडी या भागात पाऊस कोसळतो. पुढे पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या बाजूला उरतो तो थोडा. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. अशा मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. डोंगराच्या आड आला, म्हणून पावसाला मुकला.

आमचे गाव पारनेरच्या पठारावर आहे. मुरमाड माळ, कुसळी गवत आणि बाभळी. उन्हाळ्यात वाळवंटच म्हणा. या माळावर एक पाझर तलाव आहे. 1972 साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तो दुष्काळी कामातून झाला. माझ्या आईने त्या भरावावर माती वाहिली. मी तिची भाकरी घेऊन जात असे. कामावरच्या माणसांना सुकडी मिळायची. तिची चव अजून माझ्या तोंडात आहे.

पाझर तलाव म्हणजे काय? या तलावाला कालवा नसतो. पाणी अडते आणि हळूहळू जमिनीत मुरते. मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. म्हणजे तलावाच्या काठावर आपण जे करतो, ते खालच्या विहिरीपर्यंत पोचते. ही गोष्ट मनात पक्की धरा. पुढे ती कामाला येईल.

2. पाहुणे आले

2018 साली पाऊस फार कमी झाला. त्या वर्षी सरकारने राज्यातले दीडशेच्या वर तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. आमच्या तलावात चार आणे पाणी होते.

दिवाळी सरली. बाजरीची रानं मोकळी झाली. एका सांजेला मेंढरांचा कळप तलावावर आला. दोनशे मेंढरं, दोन घोडी, तीन कुत्री. घोड्यांवर सगळे बिऱ्हाड. भांडी, वाकळा आणि डालग्यात कोंबड्या. एक म्हातारा, त्याचे दोन मुलगे, एक सून आणि दहा वर्षांचा नातू. दरसाल ही मंडळी घाट उतरून कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही. ओलीत त्यांचे खूर कुजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पाच-सहा माणसे तलावावर गेली. त्यांत एक तरणा गडी पुढे होता.

"पाव्हणं, मुक्काम हलवा," तो म्हणाला. "आमालाच प्यायला पानी न्हाई. तुमची मेंढरं तळं आटवत्याल."

म्हातारा म्हणाला, "हलवतो की, मालक. आजची रात ऱ्हाऊ द्या. कोकरं बारकी हायती. चालून चालून किती चालत्याल?"

शब्दाला शब्द वाढला. तेव्हा कुणीतरी मला बोलावून आणले. गावात तंटा झाला की गुरुजींना बोलावतात, मग गुरुजी नोकरीत असोत की घरी बसलेले.

मी एक काडी घेतली आणि मातीत हिशेब मांडला. तुम्हीही मांडा.

एका मेंढराला दिवसाला पाणी लागते, धरा 4 लिटर.
मेंढरं 200.
200 गुणिले 4 म्हणजे 800 लिटर.
दोनशे लिटरची टिपाडं भरली तर किती? चार.

मग मी विचारले, "पाच अश्वशक्तीची मोटर एवढे पाणी किती वेळात ओढते?"

कुणी बोलेना. सगळ्यांना ठाऊक होते. एवढे पाणी मोटर काही मिनिटांत ओढते. आणि आमच्या तलावाच्या पोटात रात्रीच्या चार मोटारी चालत होत्या. त्या कुणाच्या, तेही सगळ्यांना ठाऊक होते.

3. खड्डा

तेवढ्यात सुनेची किंकाळी आली. नातू घागर भरायला पाण्यात उतरला होता. दोन पावले गेला आणि एकदम बुडाला.

त्याचे कारण सांगतो. त्या उन्हाळ्यात आम्ही तलावातला गाळ काढला होता. गाळ काढणे चांगले. तलावात पाणी जास्त मावते आणि गाळ टाकलेल्या शेतात पीक चांगले येते. पण यंत्राने एका जागी दोन पुरुष खोल खड्डा पाडला होता. पावसात तो भरला. वरून पाणी सारखेच दिसे, गढूळ. कुठे गुडघाभर आणि कुठे खोल, ते कळायचे नाही. गावच्या पोरांना ती जागा माहीत होती. पाहुण्याला कोण सांगणार?

मंडळी, त्याच खड्ड्यातला चार ट्रॉली गाळ माझ्या शेतात पडला होता. मुले शिकवण्यात माझा जन्म गेला. पण तिथे एक काठी रोवून वर लाल फडके बांधावे, हे मला सुचले नाही. ही माझी चूक.

तो तरणा गडी सदरा काढून उडी घ्यायला निघाला. म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला.

"उडी नगं! घाबरलेलं पोर गळ्याला मिठी मारतंय. दोघं जात्याल!"

आणि त्याने डोक्याचा पटका सोडला. लांबलचक पटका. एका टोकाला गाठ मारली आणि फेकला. पहिल्यांदा तो अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा पोराच्या हाताला लागला. पोराने तो धरला. काठावरच्या तिघा-चौघांनी पालथे पडून पटका ओढला. त्यात मघाशी भांडणारेच होते.

पोर बाहेर आले. नाकातोंडात चिखल. ते खोकले, ओकले आणि मग मोठ्याने रडले. तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

एक जण म्हणाला, "उलटा धरा त्याला, पानी निघंल." आमच्या गावच्या आशाताई तोवर पोचल्या होत्या. त्यांनी ते करू दिले नाही. त्यांनी पोराला कुशीवर निजवले, ओले कपडे काढले, वाकळ पांघरली आणि जीपमधून दवाखान्यात नेले. पोर बोलायला लागले होते, तरी नेले. कारण छातीत पाणी गेले असेल तर त्रास मागाहूनही होतो.

त्या दिवसानंतर "मुक्काम हलवा" असे कुणी म्हणाले नाही. मेंढरं आठ रात्री राहिली. पहिल्या रात्री ती त्या तरण्या गड्याच्याच रानात बसवली. लेंडी आणि मूत यांचे खत फुकट पडत नाही. त्याने रात्रीला ठरवून बाजरी दिली. खड्ड्याभोवती आम्ही काठ्या रोवल्या. चार मोटारींपैकी दोन बंद झाल्या. दोन चालूच राहिल्या. सगळे एका दिवसात सुधारत नाही.

4. म्हाताऱ्याचा मुक्काम कसा होता?

त्या आठ दिवसांत मी रोज सांजेला तिथे जाऊन बसे. पाहून शिकलो ते असे.

जागा. त्याचे बिऱ्हाड पाण्याला लागून नव्हते. शंभर पावले वर, मुरमाच्या उंचवट्यावर होते. खाली ओल असते, डास असतात, विंचू-काटा असतो. ओढ्याच्या पात्रात तो कधीच उतरत नसे. "वर डोंगरात पाऊस झाला की रातीत लोंढा येतोय," तो म्हणे. एकट्या झाडाखालीही तो पाल ठोकत नसे. विजा चमकू लागल्या की उंच, एकटे झाड सोडून दूर व्हावे. जवळ पक्के घर असेल तर त्यात जावे.

राखण. मेंढरांभोवती जाळीचे कुंपण. त्याला ते लोक वाघूर म्हणतात. कोकरं मधोमध, कुत्री चारी अंगांना. आपल्या माळावर लांडगा आहे आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. रात्री एकट्याने अंधारात जाऊ नये. हातात बत्ती ठेवावी. अंथरूण झटकून मग पडावे. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलवता थेट दवाखाना गाठावा. सर्पविषावरचे औषध तिथेच मिळते.

चूल. तीन दगड मांडण्याआधी तो भोवतीचे वाळले गवत साफ करी. निजण्याआधी राखेवर पाणी ओतून हाताने चाचपून पाही. माळाला आग लागली तर पुढच्या माणसाच्या जनावरांनी खायचे काय?

पाणी. जनावरांचे पाणी एका बाजूला, माणसांचे दुसऱ्या बाजूला. प्यायचे पाणी तो काठाजवळ झिरा खणून घेई. यात मात्र मी त्याला एक गोष्ट सांगितली. झिऱ्याचे पाणी नितळ दिसते, पण नितळ म्हणजे निर्मळ नव्हे. तुरटीने गाळ खाली बसतो, रोगजंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळावे, मगच प्यावे. नाहीतर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मापाने घालावे. म्हातारा म्हणाला, "ह्ये मातर आमाला ठावं नव्हतं, गुरुजी." मग सून रोज पाणी उकळू लागली.

परसाकड. तलावापासून आणि विहिरीपासून निदान शंभर पावले लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला जावे. वीतभर खड्डा खणावा आणि वर माती लोटावी. का, ते आता तुम्हीच सांगाल. तलावाचे पाणी खालच्या विहिरीत उतरते.

राजस्थानच्या वाळवंटात जैसलमेर नावाचे गाव आहे. तिथे गडीसर नावाचे जुने तळे आहे. ज्या माळावरचे पाणी तळ्यात उतरते, त्या माळाला तिकडे आगोर म्हणतात. आगोरात घाण करायची नाही, ही तिथली जुनी शिस्त. ज्याच्याकडे पाणी थोडे, त्याला त्याची किंमत जास्त.

5. शहरातले पाहुणे

आता शहरातली माणसेही हौसेने तळ्याकाठी राहायला येतात. भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर धरण आहे. ते 1926 साली पुरे झाले. त्या जलाशयाच्या काठी आज रंगीबेरंगी तंबू लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला तर झुंबड उडते. गावच्या लोकांना यातून चार पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तीच प्रवरा पुढे संगमनेर, श्रीरामपूरकडे जाते आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्यावर कितीतरी गावे तहान भागवतात. तेव्हा तंबू लावून देणाऱ्याने पाहुण्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगाव्यात. पाणी कुठे खोल आहे ते सांगावे. दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे सांगावे. आणि आणलेला कचरा परत न्यायचा, हेही सांगावे. सांगायला लाजू नये. न सांगितल्याने काय होते, ते मी पाहिले आहे.

6. शेवटी

जामखेड तालुक्यातले चौंडी गाव तुम्ही ऐकले असेल. 1725 साली तिथे अहिल्यादेवींचा जन्म झाला. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत वाटसरूंसाठी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आज आपल्या जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. आपण काही धर्मशाळा बांधू शकत नाही. पण आल्या पाहुण्याला पाण्याची खोल जागा दाखवू शकतो. एक काठी आणि एक लाल फडके, एवढाच खर्च.

नवव्या दिवशी पहाटे बिऱ्हाड हलले. उजाडल्यावर मी तलावावर गेलो. चुलीचे दगड बाजूला रचून ठेवले होते. राख मातीखाली झाकली होती. कागदाचा कपटासुद्धा नव्हता. इथे आठ दिवस पाच माणसे राहिली, हे सांगूनही कुणाला खरे वाटले नसते.

लक्षात ठेवा

- माणूस बुडत असेल तर उडी घेऊ नका. पटका, दोर, लुगडे, लांब काठी, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाका आणि ओरडून माणसे जमवा.
- बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका. पोट दाबू नका. गरगर फिरवू नका.
- श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या. छातीच्या मधोमध जोराने, भरभर दाबा. 30 वेळा दाबले की 2 श्वास, असे करीत राहा. ही रीत आरोग्य केंद्रात आधीच शिकून घ्या.
- लगेच 108 या क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते.

प्रश्न

1. पाझर तलावाचे पाणी कुठे जाते?
2. म्हाताऱ्याने तरण्या गड्याला उडी का घेऊ दिली नाही?
3. 150 मेंढरांना दिवसाला 4 लिटरप्रमाणे किती पाणी लागेल?
4. तुमच्या गावच्या तळ्यात, नदीत किंवा खाणीत खोल जागा कोणती? तिथे खूण आहे काय? नसेल तर ती कोण लावणार आणि कधी? उत्तर वहीत लिहा आणि खाली आपली सही करा.