संस्थेच्या घरचा माहितीकोश: दस्तऐवजी डेटाबेस सेवा म्हणून कसा पुरविला जातो

एखाद्या मोठ्या बँकेत आपण कर्ज मागावयास गेलो, तर प्रथम आपल्यापुढे अर्ज येतो. सोने तारण ठेवून घ्यावयाच्या कर्जाचा अर्ज आटोपशीर असतो: दागिन्यांचे वजन, कस आणि किंमत. घरासाठी कर्ज हवे असेल, तर सहअर्जदार, जामीनदार, जागेचे दस्त, मंजूर नकाशा असा पसारा वाढत जातो. पीककर्जात जमिनीचा उतारा, पीक आणि हंगाम ह्यांची नोंद लागते. तिन्ही कर्जाचेच अर्ज होत. परंतु त्यांची घडण एकसारखी नाही. हे अर्ज संगणकात कसे साठवावयाचे, ह्या साध्या प्रश्नापासून आपला विषय सुरू होतो.

१९७० मध्ये आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड ह्यांनी सर्व माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची पद्धती सुचविली. ह्या पद्धतीत अर्जदारांचा एक तक्ता, जामीनदारांचा दुसरा, तारणाचा तिसरा, आणि प्रत्येक ओळीस क्रमांक. ह्या क्रमांकांच्या आधारे तक्ते एकमेकांस जोडून हवा तो अर्ज पुन्हा उभा करावयाचा. ही पद्धती आजही अत्यंत उपयुक्त आहे. खात्यातील जमाखर्चाच्या नोंदी सर्वत्र एकाच साच्याच्या असतात, त्यांना तक्त्यांसारखे दुसरे साधन नाही. अडचण येते ती नाना आकारांच्या अर्जांच्या बाबतीत. प्रत्येक नव्या योजनेबरोबर तक्त्यांची रचना बदलावी लागते, आणि एक अर्ज वाचण्यासाठी दहा तक्ते जुळवावे लागतात.

दस्तऐवजी डेटाबेसाची कल्पना याहून निराळी आहे. तेथे संपूर्ण अर्ज हाच एक दस्तऐवज मानून एकत्र ठेवला जातो. त्यात नावापुढे मूल्य अशा जोड्या असतात, आणि एखादे मूल्य स्वतःच यादी किंवा दुसरा लहानसा दस्तऐवज असू शकते. ही मांडणी जेसन ह्या नावाने ओळखली जाते. ह्या प्रकारातील सर्वपरिचित डेटाबेस मोंगोडीबी हा होय. तो टेन-जेन नावाच्या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ‘अवाढव्य’ ह्या अर्थाच्या ह्यूमंगस ह्या इंग्रजी शब्दातून त्याचे नाव घडविले आहे. गंमत अशी की, त्यातील एका दस्तऐवजाचा आकार मात्र १६ मेगाबाइटांपेक्षा अधिक असू शकत नाही. अनेक दस्तऐवजांतील फेरफार ‘सर्व किंवा काहीच नाही’ ह्या नियमाने एकत्र करण्याची सोय त्यात २०१८ मध्ये आली.

‘ह्या डेटाबेसात रचना ठरवावीच लागत नाही’ असे पुष्कळदा सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. रचना नाहीशी होत नाही. ती डेटाबेसातून निघून कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसते. एकाने ‘जामीनदार’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘हमीदार’, तर दोन वर्षांनी दोन्ही प्रकारचे अर्ज शोधत बसण्याची पाळी येते.

आता सेवेकडे वळू. मोठ्या संस्थेत शेकडो विभाग असतात आणि प्रत्येकास आपला स्वतंत्र डेटाबेस हवा असतो. जुन्या रीतीने त्यासाठी मागणीपत्र, मंजुरी, यंत्राची खरेदी आणि त्याची मांडणी अशा पायऱ्या चढाव्या लागत. कंटाळलेला विभाग मग आपल्याच टेबलाखालच्या संगणकावर डेटाबेस चालू करी, आणि त्याचा पत्ता मध्यवर्ती कचेरीला तो बिघडल्यावरच लागे. ह्यावरील उपाय म्हणजे संस्थेने आपल्याच संगणक-केंद्रांत एक क्लाउड, म्हणजे सामाईक यंत्रसाठा, उभा करून त्यातून डेटाबेस मागणीनुसार पुरविणे. क्लाउडची व्याख्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये केली. तीत पाच लक्षणे दिली आहेत: मागणाऱ्याने स्वतःच सेवा घेणे, जाळ्यावरून ती मिळणे, साधनांचा सामाईक साठा, गरजेप्रमाणे झटपट वाढ किंवा घट, आणि वापराचे मोजमाप.

बाहेरच्या कंपन्या अशी सेवा विकत असताना घरचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. काही कारणे नियमांची आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला. तथापि परदेशी कंपन्यांचीही संगणक-केंद्रे भारतात आहेत, म्हणून केवळ ह्या आदेशाने घरचा क्लाउड अटळ ठरत नाही. ज्यांची केंद्रे आधीच उभी आहेत आणि ज्यांची जुनी कामे त्याच केंद्रांतील यंत्रांवर चालतात, त्यांना माहिती त्या कामांच्या जवळ ठेवणे सोयीचे पडते.

अशा सेवेत विभागाचा माणूस एका पडद्यावर लहान, मध्यम किंवा मोठा असा आकार निवडतो आणि थोड्याच वेळात त्याला डेटाबेसाचा पत्ता व परवलीचा शब्द मिळतो. हे सोपे दिसते. परंतु पडद्यामागे घ्यावयाचे निर्णय सोपे नाहीत. त्यांपैकी प्रतींचा निर्णय विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

एकच यंत्र बंद पडले म्हणून काम थांबू नये, यासाठी त्याच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. एक यंत्र मुख्य असते; सर्व लेखन तेथे होते आणि इतर यंत्रे त्याचे अनुकरण करतात. यंत्रे दर दोन सेकंदांनी एकमेकांची विचारपूस करतात. मुख्य यंत्राकडून दहा सेकंद उत्तर आले नाही, तर उरलेली यंत्रे मतदान करून नवा मुख्य निवडतात. निवडीस एकूण मतांचे बहुमत लागते. हा नियम का? समजा, दोन केंद्रांमधील तार तुटली आणि दोन्ही बाजूंनी आपापला मुख्य निवडला, तर एकाच खात्याच्या दोन परस्परविरोधी नोंदी तयार होतील. बहुमत एकाच बाजूस असू शकते, म्हणून हा धोका टळतो.

येथेच पुष्कळ संस्था फसतात. त्यांच्याजवळ दोन केंद्रे असतात. त्या पहिल्यात तीन व दुसऱ्यात दोन प्रती ठेवतात आणि निश्चिंत होतात. दुसरे केंद्र बुडाले तर तीन मते उरतात आणि काम चालते. पहिले बुडाले तर पाचांपैकी दोनच मते उरतात; बहुमत तिनाचे. माहिती सुखरूप असूनही मुख्य निवडला जात नाही आणि लेखन थांबते. प्रती वाढवून भागत नाही, कारण दोन ठिकाणी कशीही वाटणी केली तरी कोणत्या तरी एका ठिकाणाचा नाश बहुमत हिरावून नेतोच. उपाय एकच: तिसरी जागा. तेथे एकच प्रत ठेवून दोन-दोन-एक अशी वाटणी केली, की कोणतेही एक केंद्र गेले तरी किमान तीन मते शिल्लक राहतात.

दुसरी अडचण सामाईक साठ्याची. मोंगोडीबी आपल्या कामासाठी यंत्राच्या स्मृतीतून एक गिगाबाइट वजा करून उरलेल्याचा निम्मा भाग राखून ठेवू पाहतो. ६४ गिगाबाइटांच्या यंत्रावर ही रक्कम साडेएकतीस होते. मर्यादा न घालता त्याच यंत्रावर तीन विभागांचे डेटाबेस बसविले, तर तिघांची मागणी साडेचौऱ्याण्णव गिगाबाइटांची झाली! म्हणून प्रत्येकाचा वाटा आधीच बांधून द्यावा लागतो, नाहीतर एका शेजाऱ्याच्या कामाने दुसऱ्याचा जीव गुदमरतो.

एका यंत्रात माहिती मावेनाशी झाली, तर तिचे तुकडे करून ती अनेक यंत्रांवर वाटता येते. मात्र तुकडे कशाच्या आधारे करावयाचे हे विचारपूर्वक ठरवावे लागते. अर्जाच्या तारखेवर वाटणी केली, तर आजचे सर्व अर्ज शेवटच्या यंत्रावरच येऊन आदळतात आणि बाकीची स्वस्थ बसून राहतात.

सुरक्षिततेचा धडा जगाला महागात मिळाला. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी परवलीच्या शब्दाविना महाजालावर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस भामट्यांनी पुसून टाकले आणि माहिती परत देण्यासाठी खंडणी मागितली. कुलूप कमकुवत नव्हते. ते लावलेलेच नव्हते. घरच्या सेवेचा मोठा लाभ येथे दिसतो. परवलीचा शब्द, जाळ्याची बंदिस्ती आणि सांकेतिक लेखन ह्या गोष्टी साच्यातच घालून दिल्या, तर घाईतला विभागही त्या विसरू शकत नाही.

प्रती म्हणजे राखीव साठा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कोणी चुकून सर्व अर्ज पुसले, तर ती आज्ञा क्षणार्धात पाचही प्रतींवर इमानाने पाळली जाते. यासाठी ठरावीक वेळी निराळी नक्कल काढून ती दुसरीकडे ठेवतात. आणि अधूनमधून त्या नकलेवरून डेटाबेस खरोखर उभा करून पाहतात. हे शेवटचे काम बहुधा टाळले जाते. उभी करून न पाहिलेली नक्कल आहे की नाही, हे कोणासच ठाऊक नसते.

मोजमापाचे काम रुक्ष असले तरी त्याचा परिणाम चमत्कारिक होतो. प्रत्येक विभागास त्याच्या वापराचे मासिक बिल, मग ते वसूल होवो वा न होवो, पाठविले की चाचणीसाठी घेतलेले आणि विसरलेले डेटाबेस आपोआप परत येऊ लागतात.

राहिला प्रश्न नव्या आवृत्त्यांचा. मोंगोडीबीची प्रमुख आवृत्ती एकेक पायरीनेच चढावी लागते. मधली गाळता येत नाही. काम बंद न करता हे साधण्यासाठी प्रथम अनुकरण करणारी यंत्रे एकामागून एक बदलतात, नंतर मुख्य यंत्र आपले पद सोडते आणि मतदान होऊन मग त्याचीही पाळी येते. ह्या काही सेकंदांत विभागाच्या कार्यक्रमाने न गडबडता पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. ते त्याला जमते की नाही, हे सेवा देणाऱ्याने आधीच, दिवसाउजेडी आणि सूचना देऊन, मुख्य यंत्र मुद्दाम उतरवून तपासलेले असावे.