टायरात हवा किती होती?

जामनेर, जि. जळगाव

चि. भाचेबुवा,

परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला. आवाज इतका बसलेला होता की मामाला आधी वाटलं, दाजींचीच तब्येत बिघडली. मग हळूहळू कळलं. शेंदुर्णीचा जो मुलगा तुमच्या डेट्रॉइटकडे असतो, त्याने घरी सांगितलं, घरच्यांनी बाजारात सांगितलं आणि बाजारातून ते तुझ्या आईच्या कानावर आलं: शर्यतीहून परत येताना पावसात तुझी मस्टँग हायवेवर गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने कडेला जाऊन थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही म्हणे. तू मात्र घरी एक अक्षर बोलला नाहीस. रविवारच्या फोनवर कपाशीचा भाव विचारलास, पाचोरा-जामनेर रेल्वेचं काम कुठवर आलं ते विचारलंस, आणि एवढी मोठी गोष्ट गिळून बसलास.

बातमी खरी किती आणि तिखटमीठ किती, ते तुलाच ठाऊक. तुझी आई एकच विचारत होती, त्याला लागलं तर नसेल ना? मामाच्या तोंडून मात्र पहिला प्रश्न निघाला तो हा की, मागच्या टायरात हवा किती होती? तुझी आई चिडली. तिला वाटलं, हा माणूस टायरच्या दुकानातून कधी बाहेर येतच नाही. पण भाचेबुवा, साऱ्या प्रकरणाची मेख त्या हवेतच आहे, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला टायरचा फोटो मामाने मोठा करून पाहिला होता. बाजूच्या भिंतीवर ३०५/४५ आर १७ असा आकडा, झीज दाखवणाऱ्या आकड्याच्या जागी नुसती शून्यं, आणि नक्षी म्हणावी तर चार उथळ रेघा. कोरा टायर असून आपल्याकडच्या घासलेल्या टायरपेक्षा जास्त गुळगुळीत. तेव्हा तू लिहिलं होतंस, "मामा, याची पकड बघायला पाहिजे." पकडीत खोट नाहीच. खोट काढायची तर ती पकड कुठे चालते आणि कुठे चालत नाही, एवढ्यापुरतीच.

तुझ्या मस्टँग जीटीचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन ४३५ अश्वशक्तीचं. गाडीचं वजन सतराशे किलोच्या आसपास, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या चाकांवर. ताकद मात्र सगळी मागच्या दोन चाकांना. ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं, मागचा भाग बसतो, तेव्हा कुठे त्या दोन चाकांना जोर लावायला आधार मिळतो. तो आधार मिळायच्या आत ताकद आली तर चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो आणि गाडी तिथेच. म्हणून सरळ रेषेत पळणारे लोक मागे मऊ रबराचे, उंच भिंतीचे टायर घालतात. तुझा आधीचा १९ इंची टायर २७५/४० मापाचा, म्हणजे त्याची भिंत ११० मिलिमीटर. या नव्याची १३७. बाहेरून चाकाची उंची जवळपास तेवढीच, ७०० मिलिमीटरच्या थोडी वर, पण रिम लहान आणि रबर जास्त. गाडी सुटताना रिम आधी फिरते, भिंतीला सुरकुत्या पडतात, टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि झटका अंगात जिरवून मग ढकलतो. सगळा खेळ त्या भिंतीचा. रुंदीचं कौतुक सगळे करतात, भिंतीकडे कोणी बघत नाही.

हे जामनेरच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. काळ्या मातीत नांगर ओढायचा तर ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात तो पाणी भरतो, वजन वाढवतो आणि हवा बेताची ठेवतो, म्हणजे टायर पसरतो, गुटके मातीत रुततात आणि चाक घसरत नाही. तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याला जायचा असला की शहाणा माणूस आधी दुकानात येऊन हवा वाढवून घेतो. शेतातली हवा वेगळी, रस्त्याची वेगळी. तू लहानपणी सुट्टीत दुकानात बसून हवेचं मीटर धरायचास, तेव्हा हे शंभरदा पाहिलंयस.

आता तुझ्या मार्टिन गावच्या त्या ट्रॅकचं बघ. यूएस १३१ मोटरस्पोर्ट्स पार्क, पाव मैलाची पट्टी, म्हणजे ४०२ मीटर. असल्या पट्टीवर चिकट द्रावण फवारलेलं असतं, वर्षानुवर्षांच्या रबराचा थर बसलेला असतो. तिथे लोक मागच्या टायरात १६ ते २० पीएसआय ठेवतात, टायर थोडे फिरवून तापवतात आणि मग सुटतात. पट्टी निम्मी पकड देते, टायर निम्मी. फाटकाबाहेर पडलं की पट्टीची पकड संपली. उरतो मऊ, गुळगुळीत, कमी हवेचा टायर आणि घरापर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा हायवे.

म्हणून परत विचारतो: निघताना हवा भरली होतीस का?

१९६३ साली नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी विमानाच्या टायरांवर प्रयोग करून एक साधा हिशेब मांडला. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर किती वेगाला जमीन सोडून पाण्यावर तरंगू लागेल, हे हवेच्या दाबावरून काढायचं: पीएसआयचं वर्गमूळ घ्या, १०.३५ ने गुणा, ताशी मैलांत वेग येतो. टायरात ३२ असेल तर ५८ मैल, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. १८ असेल तर ४४ मैल, म्हणजे ७० किलोमीटर. हा हिशेब गुळगुळीत टायरचा आहे. चांगल्या खोल नक्षीचा टायर पाणी बाहेर फेकतो आणि याच्या पुढे टिकतो. तुझा तो टायर फेकणार कशातून? शिवाय टायर जितका रुंद, तितका तो पाण्यावर लवकर चढतो. तुमच्या हायवेवर ७० मैलांची पाटी असते. १८ पीएसआय घेऊन पावसात त्या वेगाला निघालेला माणूस गाडी चालवत नसतो, गाडी त्याला नेईल तिकडे जात असतो. पुढचे टायर साधे, खोल नक्षीचे. ते रस्ता धरून राहतात, मागचे सुटतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. शेंदुर्णीच्या मुलाने सांगितलं ते अगदी असंच आहे. म्हणून मामाला बातमी खोटी वाटत नाही.

इंजिनिअर झालास रे. हा हिशेब तुला मामाने सांगावा?

ज्या कंपन्या असले टायर गाडीला लावून विकतात, त्याही हे लपवत नाहीत. डॉजने २०१७ साली डेमन नावाची गाडी आणली. कारखान्यातूनच ड्रॅग रेडियल, म्हणजे असले सरळ शर्यतीचे, टायर घेऊन रस्त्यावर आलेली ती पहिली गाडी. निट्टोचे ३१५/४० आर १८ चारही चाकांना, पाव मैल ९.६५ सेकंदांत, सुटताना पुढची चाकं हवेत. पण ती विकत घेणाऱ्याकडून कंपनी एका कागदावर सही घेत असे, की हे टायर थंडीत आणि साचलेल्या पाण्यात चालवायचे नाहीत, हे मला समजलं आहे. बनवणाऱ्यालाच भीती वाटते, आणि जामनेरचा पोरगा पावसात निघतो.

टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायची सवय तुला मामानेच लावली. अमेरिकेत झिजेचा आकडा टेक्सासातल्या सॅन अँजेलोजवळ ठरावीक ४०० मैलांच्या रस्त्यावर गाड्या फिरवून काढतात. रोजच्या वापराच्या टायरचा तो तीनशे, चारशे, पाचशे असतो. पकडीची एए, ए, बी, सी ही अक्षरं ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरतात. म्हणजे ती थांबण्याची आहेत, सुटण्याची नाहीत. दुकानदार "ट्रॅक्शन एए" म्हणून टायर विकतो आणि पोरं समजतात की गाडी आता बाणासारखी सुटेल. डीओटीच्या पुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळाले म्हणून कोणाचे जुने टायर घेतले असशील तर ते चार आकडे आजच बघ. वरून कोरं दिसणारं रबरही वयाने कडक होतं.

हे लिहिता लिहिता मामाचा राग थोडा उतरला, खरं सांगायचं तर. तुला वेगाचं वेड कुठून आलं, ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली जुनी धावपट्टी होती. तिच्यावर गाड्यांच्या आणि मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या, देशभरातून माणसं यायची. तुझ्या मामाने त्या शर्यतींचे फोटो मासिकातून कापून गल्ल्याच्या फळीवर चिकटवले होते. जायचं होतं. भुसावळहून गाडी पकडायची, एवढंच. पण शर्यती नेमक्या कापसाच्या हंगामात, ट्रकांची दुकानासमोर रांग, आणि तुझे आजोबा एकटे. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता शोलावरमच्या शर्यती बंद पडल्या. वाळूजला टायरचा मोठा कारखाना आहे, इथून तीन-चार तासांवर. तिथे शिकाऊ म्हणून जावं, रबर शिजतं कसं ते बघावं, ही दुसरी इच्छा. तीही हंगामातच विरली. म्हणून तू त्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून व्हिडिओ कॉल केलास तेव्हा मामाने दुकानातल्या पोरांना बोलावून बोलावून रस्ता दाखवला. १९०९ साली जगातला पहिला काँक्रीटचा एक मैल हायवे जिथे झाला, साठच्या दशकात डेट्रॉइटच्या कंपन्यांचे इंजिनिअर जिथे रात्री आपापल्या गाड्या पळवून बघायचे, तो रस्ता आपला भाचा दाखवतोय, याचा अभिमान कसा नसेल?

तेव्हा गाडी वीक, शर्यत सोडून दे, असं मामा सांगणार नाही. तुझी आई सांगेल. तिचा तो हक्क आहे. तू निदान पट्टीवर जातोस, रस्त्यावर शर्यत लावत नाहीस, हेही मामाने तिला सांगितलं. इकडेसुद्धा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची शर्यत भरते, ती याचसाठी की ज्याला पळायचंय त्याने बंदिस्त जागी पळावं. पण पावसाचं तेवढं ऐक. आभाळ भरून आलं की मामाला आता मिशिगन दिसतं.

दोन जोड ठेव. शर्यतीचे टायर त्यांच्या रिमांसकट डिकीत किंवा मित्राच्या पिकअपमध्ये टाकून न्यायचे, तिथे चढवायचे, शर्यत झाली की उतरवायचे. अर्ध्या तासाचं काम आहे, जॅक आणि टॉर्क रेंच तुझ्याकडे आहेतच. घरी येताना खोल नक्षीचे टायर आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी हवा. मीटर स्वतःचं ठेव, आणि हवा सकाळी टायर थंड असताना बघ; दर दहा अंश फॅरेनहाइटला साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, तापलेला टायर खोटं बोलतो. सतरा इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासत नाही ना, तेही चाक हाताने फिरवून बघ. आणि थंडी. ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते मऊ रबर कडक पडतं, कोरड्या रस्त्यावरही धरत नाही, फार गारठ्यात तडकतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत टायर फुटायची भीती, तुझ्याकडे नोव्हेंबरपासून उलटी. तोवर मस्टँगखाली चार हिवाळी टायर पाहिजेत. चारही सारखे, दोन मागे घालून भागवायचं नाही.

पैशांचं बघू नकोस. गाडीच्या हप्त्यात ओढाताण होते हे तुझ्या आईला माहीत नसेल, मामाला कळतं. चार हिवाळी टायरांचे पैसे मामा पाठवतोय, ते परत करायचे नाहीत. तू लग्नाला उभा राहशील तेव्हा द्यायचे म्हणून ठेवलेले होते, असं समज. आणि त्या दिवशी काय झालं ते मामाला सांगायला लाजू नकोस. मामा पुन्हा रागावणार नाही. एवढ्या लांब, अनोळखी रस्त्यावर, पावसात, उलट्या तोंडाच्या गाडीत तू एकटा बसला असशील, हात कापत असतील, आणि फोन कोणाला करावा हेही सुचलं नसेल, हे मनात आलं की मामाला दुकानात बसवत नाही. पुढच्या वेळी तसं काही झालं तर आपल्याकडे किती वाजलेत ते बघू नकोस. मामाचा फोन उशाशीच असतो.

तुझ्या आईला मात्र या रविवारची वाट न बघता आजच फोन कर, आणि तू धड आहेस एवढं तुझ्या तोंडून सांग.

तुझा,
मामा