घरचा तरणतलाव : आधी आच्छादन, मग ऊब

इंदूरच्या हिवाळ्यात घरच्या तरणतलावाचे पाणी कमी खर्चात कसे तापवावे, असे पालक विचारतात. प्रश्न माझ्याही विषयाचा आहे. वजनाच्या मानाने बालकांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने ती लवकर गारठतात. पोहणे शिकणाऱ्या लहानग्यांना सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअसचे पाणी हवे.

४०,००० लिटर पाणी ५ अंशांनी तापविण्यास सुमारे २३० युनिट उष्णता लागते. विजेचा हीटर जवळपास तितकीच वीज घेतो. हवेतील उष्णता पाण्यात आणणारा हीट पंप दुपारच्या उबदार हवेत चालविल्यास साधारण चौथ्या हिश्श्यात तेच काम करतो. सौर संचाला इंधन लागत नाही, मात्र गच्चीवर बरीच जागा लागते. परंतु तापविलेल्या पाण्याची सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनाने जाते. म्हणून पहिला खर्च तरंगत्या आच्छादनावर करावा. त्यानंतर सौर संच वा हीट पंप निवडावा.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. हे आच्छादन मुलाचा भार पेलत नाही. त्यावर पाऊल पडल्यास मूल खाली अडकते आणि वरून दिसतही नाही. पोहण्यापूर्वी ते संपूर्ण काढावे आणि तलावाभोवती आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचे कुंपण घालावे. या कुंपणाच्या खर्चात काटकसर नको.